परातीतले किडे आणि अंगणातले किडे

गोव्यातल्या डिचोलीच्या एका आईने विचारलं आहे: मुलगा साडेतीन वर्षांचा. त्याच्यासाठी ऑनलाइन किड्यांचा संच मागवला. त्यात प्लॅस्टिकचे किडे, रंगीत तांदूळ आणि एक चिमटा होता. मुलाने पहिल्या दिवशी तांदूळ घरभर उधळले, दुसऱ्या दिवशी काळा कोळी बघून रडायला लागला, आणि आता संच माळ्यावर गेला आहे. धाकटी दीड वर्षाची, हाताला लागेल ते तोंडात घालते. पाऊस तोंडावर आला आहे, म्हणजे मुलं घरातच. अशा वेळी किडे-मुंग्यांवरचे कोणते संवेदन-खेळ, म्हणजे हात, नाक, कान वापरून खेळायचे खेळ, घ्यावेत, आणि भीतीचं काय करावं?

मी फोंडा तालुक्यात बालवाडी चालवते आणि हे खेळ दर पावसाळ्यात घेते. माझं पहिलं सांगणं असं की संच फेकू नका, पण थोडे दिवस माळ्यावरच राहू द्या. साडेतीन वर्षांच्या मुलाने मुंगीची रांग पाच मिनिटं उकिडवं बसून पाहिलेली नसेल, तर परातीतली प्लॅस्टिकची मुंगी त्याच्यासाठी फक्त काळा तुकडा आहे. मग तो ती फेकतो, नाहीतर घाबरतो. दोन्ही साहजिक आहे. आधी अंगणातला खरा किडा, मग त्याच किड्याचा परातीतला खेळ, आणि एका वेळी एकच किडा. बारा किडे एकदम ओतले की मूल एकाकडेही नीट बघत नाही.

हे काही माझं डोकं नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ मध्ये कोसबाडला बालशिक्षणाचं काम नेलं, तेव्हा महाग साधनांच्या जागी आसपास मिळणाऱ्या वस्तूच वापरायला घेतल्या. आपल्याकडे तर कुळागरं, भाटं, चिऱ्याची लाल माती आणि चार महिने पाऊस. सामानाची कमतरता नाही.

मुंगीपासून सुरुवात करा. लहान काळ्या मुंग्या, ज्या चावत नाहीत त्या. पायरीवर साखर, गूळ, मीठ आणि लिंबाची फोड थोड्या थोड्या अंतरावर ठेवा आणि मुलाला विचारा, कुठे जातील? रांग लागली की मध्येच ओलं बोट फिरवून रांगेची वाट पुसून बघा. मुंग्या गोंधळतात, इकडेतिकडे फिरतात, मग पुन्हा वाट शोधतात, कारण त्या वासाच्या मागावर चालतात. आमच्या वर्गात हे झालं की हमखास कोणीतरी विचारतं, "टीचर, मुयो खंय वतात?" (मुंग्या कुठे जातात?) तोच पुढच्या खेळाचा धागा.

त्या खेळाला आम्ही वासाची वाट म्हणतो. जुन्या साडीच्या पट्ट्या कापा. काहींवर लिंबाची साल चोळा, काहींवर आमसुलाचं पाणी शिंपडा, एखादीवर चुरगळलेला कढीपत्ता. लिंबाच्या पट्ट्या खोलीत ओळीने टाका आणि मध्ये मध्ये दुसऱ्या वासाच्या पसरा. मुलाने मुंगी होऊन रांगत फक्त लिंबाचा वास हुंगत जायचं. टोकाला गुळाचा खडा. सुक्या सुंगटांचा (कोलंबीचा) वास एका पट्टीला दिला तर हसून हसून पुरेवाट होते, पण तो वास पट्टीतून जात नाही, तेव्हा ती पट्टी टाकून द्यायची तयारी ठेवा. डोळे मात्र बांधू नका. या वयाच्या बऱ्याच मुलांना डोळे बांधलेले सहन होत नाही आणि त्या धास्तीत वास राहतो बाजूला.

आता तांदूळ उधळण्याबद्दल. जे मूल फेकतं त्याला बहुतेक वेळा हातांना आणि खांद्यांना जोराचं काम हवं असतं. त्याला आधी मुंगीसारखं ओझं वाहू द्या: अर्धी बादली माती विहिरीपासून तुळशीपर्यंत, दोन नारळ एक एक करून या खोलीतून त्या खोलीत, उशी पाठीवर घेऊन रांगणं. नाकतोड्यासारख्या उड्या, चादरीत गुंडाळून अळीसारखं सरपटणं. शरीर असं पंधरा मिनिटं राबलं की तेच मूल परातीसमोर शांत बसतं. आणि परातीत भरपूर काही नको, दोन मुठी पुरे. खाली चादर अंथरा, मुलाला उभं न ठेवता मांडी घालून बसवा, शेजारी त्याच्या उंचीचा केरसुणीचा तुकडा ठेवा. सांडलं तर झाडायचं, हाही खेळाचाच भाग. तरीही फेकाफेक चालूच राहिली तर परात उचलायची आणि बाहेर वाळूत न्यायचं. रागावण्याची गरज नाही.

रंगीत तांदूळ पावसाळ्यात करूच नका. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. रंगवलेले तांदूळ नीट वाळत नाहीत, डब्यात बुरशी धरतात आणि मग मुलं तेच हुंगतात. मिठाच्या कणकेचंही तसंच: मीठ हवेतलं पाणी ओढतं, गोळा दुसऱ्या दिवशी चिकट. तांदूळ, कुळीथ, तूस ही कोरडी सामग्री नोव्हेंबर ते मेपर्यंतची. पावसात चिखल, पाणी, ओली पानं, नारळाची सोडणं. आजीबाईंचा अन्नाशी खेळण्याला आक्षेप असतो आणि तो मला पटतो. नुसत्या खेळासाठी खायचे तांदूळ वापरू नयेत. पण डब्याच्या तळाशी सोंडे पडलेले जुने तांदूळ निघालेच, तर ते ऊन असेल त्या दिवशी सुपात पसरा आणि मुलाला शेजारी बसवा. ऊन लागलं की सोंडे कडेच्या सावलीकडे पळत सुटतात. विकतच्या कुठल्याच संचात ही मजा नाही, आणि सोंडा चावत नाही, नुसती लांब सोंड हलवतो.

चिखलाचा खेळ मात्र मनापासून करा. चिऱ्याची लाल माती चाळून घ्या, खडे आणि काचा काढा, मांजर जिथे बसतं तिथली माती नको. सैलसर कालवली की मुठीतून थेंब थेंब पाडत वारूळ रचता येतं. वर बोटांनी भोकं पाडायची, हिराच्या काड्यांचे बोटभर तुकडे वाळवी म्हणून आत सोडायचे. टोकं बोथट करून द्या. खरं वारूळ दाखवायला न्यायचं असेल तर लांबूनच. आपल्याकडे रोयणीला, म्हणजे वारुळाला, सातेरी देवीचं रूप मानतात, कितीतरी देवळांत गाभाऱ्यात वारूळच पुजलं जातं, त्यामुळे त्यात काठी खुपसायची नाही हे मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. आजी हात जोडते ते त्यांनी पाहिलेलं असतं. आत साप असू शकतो हे मोठ्यांनी लक्षात ठेवायचं. आणि रोयणीवर अळमी (रानातल्या भूछत्र्या) उगवली तर ती फक्त बघायची. अळमी ओळखणं हे जाणत्यांचं काम.

पावसाच्या पहिल्या सरीनंतर मृगाचा लाल मखमली किडा दिसला तर तो दिवस वाया घालवू नका. पानावर चढू द्या, पान मुलाच्या हातात द्या. पाय आठ आहेत, म्हणजे हा कीटक नव्हे, कोळ्याच्या गोतातला. पण हे ज्ञान साडेतीन वर्षांच्या मुलाला सांगायची घाई नको. तो "मऊ दिसतंय" म्हणाला तरी पुष्कळ. मग घरात मखमलीचा तुकडा, सोडणाचा तुकडा, काथ्या, फणसाचं खरखरीत पान आणि सुपारीची गुळगुळीत पोय एका पिशवीत घाला आणि न बघता हात घालून मखमल शोधायला सांगा.

अळीसाठी कढीपत्त्याचं किंवा लिंबाचं झाड शोधा. पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी छोटी अळी सापडेल, तीच मोठी झाली की हिरवीगार होते. फांदीसकट रुंद तोंडाच्या बरणीत ठेवा, वर मलमल बांधा, रोज ताजी पानं द्या. पानं फवारणी न केलेल्या झाडाचीच हवीत. नर्सरीतून नुकतं आणलेलं रोप असेल तर अळी मरू शकते. ती पान कडेकडेने कशी कुरतडते ते कान देऊन ऐका, खाली पडलेल्या काळ्या लेंड्या मोजा, मुलांना ते फार आवडतं. फांदी जरा हलली की अळी डोक्यामागून नारिंगी-लाल दुभागलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. वासाचा असा धडा कोण देणार? एकदाच बघा, सारखं डिवचू नका. कोष झाला की बरणी हलवायची नाही. साधारण आठवडा-दहा दिवसांत फुलपाखरू बाहेर येतं, पंख वाळेपर्यंत थांबतं, मग सोडून द्यायचं. पंखांना हात लावायचा नाही, कारण त्यावरची पूड म्हणजे खवले आहेत. फुलपाखरांच्या पुष्कळ जाती एका जागी बघायची असेल तर प्रियोळ इथल्या पिसगाळचं फुलपाखरू उद्यान आहे, चतुर्थीनंतर पाऊस ओसरला की जावं.

केसाळ सुरवंट मात्र नुसता दाखवायचा, लांबून. त्याचे केस कातडीत रुततात आणि डोळ्यात गेले तर मोठा त्रास. हाताला लागले तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उचला आणि साबणाने धुवा. आंब्या-काजूवर पानं शिवून घरटं करणारे लाल ओंबील चावून वर जखमेत आम्ल सोडतात, त्यांचं घरटं दाखवायचं तर झाडाखाली उभं राहू नका. वाणी म्हणजे तो गोल गुंडाळी होणारा, तो चावत नाही, पण अंगातून डाग पाडणारा रस सोडतो. त्यामुळे काडीवर घेऊन बघा आणि हात धुवा. घोण आणि विंचू यांची गोष्टच वेगळी. पावसात लाकडाच्या ढिगाखाली किंवा चिऱ्याच्या फटीत मुलाला हात घालू देऊ नका.

काजवे मे अखेर ते जून, सत्तरीच्या बाजूला तर झाडं भरून दिसतात. कोणाचं आजोळ वाळपईकडे असेल तर संध्याकाळी घेऊन जा. बरणीत भरू नका. घरात हा खेळ करताना टेबलावर जाड चादर टाकून गुहा करा, टॉर्चवर पिवळ्या-हिरव्या पतंगाच्या कागदाचा तुकडा लावा आणि टॉर्च मुलाच्याच हातात द्या. अंधाराला घाबरणारं मूलही स्वतः उजेड करतो म्हटलं की आत शिरतं. चमकणारे प्लॅस्टिकचे काजवे बाजारात स्वस्तात मिळतात, पण त्यांत बटण सेल असतो. तो गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. तुमच्या घरात दीड वर्षाची मुलगी आहे. तो खेळ घरात आणूच नका. तसा सेल गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न बघता थेट इस्पितळ.

तिच्यासाठी आणखी काही गोष्टी स्पष्ट सांगते, कारण इथे ढिलाई परवडत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत जी वस्तू मावते ती लहान समजतात, म्हणजे घशात अडकू शकणारी. तुमच्या संचातले जवळजवळ सगळे किडे त्या नळीत मावतील. वाटाणे, चणे, कुळीथ नाकात गेले की ओलाव्याने फुगतात. पाण्यात फुगणारे ते रंगीत जेलीचे मणी, जे अंडी म्हणून अशा खेळांत घालतात, ते तर पोटात जाऊन फुगतात आणि आतडं अडवतात. अमेरिकेत मोठ्या दुकानांनी मुलांसाठीचे हे मणी २०२३ अखेर विकणं थांबवलं, आपल्याकडे ते अजून सहज मिळतात.

आणि एक खास आपल्या भागातली गोष्ट. गुंजेचं बी लाल आणि वर काळा ठिपका, अगदी ढालकिड्यासारखं. हस्तकलेसाठी लोक ते वापरतात. ते बी चावलं गेलं तर जीवघेणं विष आहे. पिवळ्या कण्हेरीचं बी आणि एरंडीही तशीच. काजूची कच्ची बी सुद्धा नको, तिच्या टरफलातल्या तेलाने हाताला आणि ओठांना फोड येतात. मुलाला ढालकिडा दाखवायचाच असेल तर हिवाळ्यात अळसांद्याच्या (चवळीच्या) वेलावर मावा पडतो तिथे बघा, तो मावा खायला ढालकिडे येतातच.

धाकटीसाठी सगळं खाता येईल असंच ठेवा. उकडून मऊ केलेल्या शिरवळ्यो (तांदळाच्या शेवया) थोड्या बिटाच्या रसात घोळवल्या की झाली गांडुळं. परातीत मऊ भाताचा चिखल, त्यात हाताने शोधायचं, तोंडात गेलं तरी चालतं. कच्चा मैदा किंवा कणीक चाटू देऊ नका, त्यात जंतू असू शकतात. मोठ्याचा खेळ धाकटी झोपली की घ्या. दोघांना एकत्र बसवायचं असेल तर खेळ धाकटीच्या वयाचा घ्यायचा. मोठा कुरकुरेल, पण दोघांच्या मधला सोयीचा खेळ शोधायला गेलं की दोन्हीकडून फसतं.

आता कोळी. मूल रडलं म्हणजे भित्रं नव्हे. मोठ्या केसाळ काळ्या वस्तूला एकदम हात लावायला लागला, तर कुणीही दचकेल. त्याच्या समोर तो कोळी उचलून "बघ, काही करत नाही" असं करू नका. प्लॅस्टिकचा कोळी बंद डब्यात घालून उंच जागी ठेवा आणि डबा कुठे आहे हे त्याला दाखवा. मग अंतर त्यालाच ठरवू द्या. अंगणात कातिणीचं (कोळ्याचं) जाळं असेल तर सकाळी पाण्याचा फवारा उडवा, थेंब चिकटले की जाळं दिसतं. तो दाराच्या आत उभा राहून बघतोय? ठीक आहे. उद्या उंबऱ्यावर येईल. घरात दोन स्टुलांमध्ये सुतळीचं जाळं विणा, त्यात कापूस, पानं अडकवा, चिमट्याने काढायला सांगा. सुतळीतून धाकट्या मुलांनी सरपटत जायचं असेल तर कोणी मोठं शेजारी हवं, मान अडकता कामा नये. कधीतरी तोच म्हणेल की तो डबा आणा. नाही म्हणाला तरी काही अडत नाही.

हात माखायला नको म्हणणाऱ्या मुलाला पळी द्या, चिमटा द्या, किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत साबुदाण्याची खळ आणि दोन प्लॅस्टिकचे किडे घालून पिशवीचं तोंड टेपने पक्कं बंद करा, वरून दाबत किडे सरकवायचे. मुलाचा हात मुठीत पकडून चिखलात घालणं हे मला मुळीच मान्य नाही, कितीही प्रेमाने केलं तरी. मात्र कपडे, जेवण, केस कापणं, आवाज, सगळ्याचाच त्रास होत असेल आणि रोजचं जगणं अडत असेल, तर खेळ बदलून भागणार नाही. बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

रातकिड्यांचा आवाज ऐकवायला वेगळं काही लागत नाही, पावसात दारं उघडली की झालं. नर पंखावर पंख घासतो. मुलाला फणी आणि जाड पुठ्ठ्याचा तुकडा द्या, दात खरवडून तसाच आवाज काढायचा. करवंटीवर काडी घासली की वेगळा आवाज. कानावर हात ठेवणाऱ्या मुलासोबत हळू वाजवा.

तुमच्या संचातले प्लॅस्टिकचे किडे आता कामाला येतात. चिखलात बरबटवून जुन्या दातांच्या ब्रशने बादलीत धुवायचे. मोठं मूल यात अर्धा तास सहज रमतं. पाय, पंख, पोटाच्या रेघा बोटांना तेव्हाच कळतात. मोजायचं असेल तर तेव्हा मोजा: मुंगीला सहा, कोळ्याला आठ.

नखं कापलेली असू द्या, हातापायाला जखम असेल तर पावसाच्या डबक्यात खेळवू नका, लेप्टोचा (दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका आपल्याकडे खरा आहे. खेळ झाल्यावर साबणाने हात. आणि बाहेर ठेवलेल्या करवंट्या, बादल्या त्याच दिवशी पालथ्या घाला. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो, आठवडा-दीड आठवड्यात अंड्याचा डास होतो. कुठल्या करवंटीत वळवळणाऱ्या अळ्या सापडल्याच, तर मुलाला त्या वर येऊन श्वास घेताना दाखवा आणि मग ते पाणी त्याच्याच हाताने कोरड्या मातीवर ओतायला लावा.